काडतुसांची मान मऊ करायचं मशीन

क्लोटिल्डाने मसाला चोळलेली कोंबडी सळईत ओवली, ओव्हनचं दार लावलं आणि बटण दाबलं. दिवा लागला, जाळी तापली, पण कोंबडी काही फिरेना.

"फेलिक्स! ओव्हनची मोटर कुठाय?"

"आहे आहे, सुखरूप आहे," बाल्कनीतून उत्तर आलं. "तिला जरा बढती दिलीय."

क्लोटिल्डा बाहेर येऊन बघते तो काय! नवरा फरशीवर फतकल मारून बसलेला. समोर तिच्या ओव्हनची मोटर. मोटरवर तिच्याच केकच्या डब्याचा तळ, त्याला ओळीने भोकं पाडलेली. शेजारी गॅसचा बर्नर आणि पाण्याची बालदी.

"माझा डबा!"

"नवा डबा आणून देईन गं. सुट्टी हवी ना तुला?"

आता या सुट्टीचं प्रकरण असं. फेलिक्स डाबरे मूळचा वसईचा, मस्कतला एका पंपदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये फोरमन. हाताला कसब भरपूर, पण तोंड हाताच्या चार पावलं पुढे. वर्कशॉपचे मालक हमूद, म्हणजे सगळ्यांचे अर्बाब, यांना नेमबाजीचा भारी नाद. झाडलेली पितळी काडतुसं ते फेकत नसत, पुन्हा भरून वापरत. आठवड्यापूर्वी फेलिक्स सुट्टीचा अर्ज घेऊन गेला. अर्बाबनी पेन उचललं आणि उचलता उचलता सहज कुरकुर केली. चार-पाच वेळा वापरलं की काडतुसाची मान कडक होते आणि तडकते. आचेवर धरून ती मऊ करावी लागते, पण नुसती मानच. बुडाला आच लागली की काडतूस बाद, वर धोका वेगळाच. एकेक हाताने धरून जीव जातो.

गप्प बसावं की नाही माणसाने? कोणी विचारलं होतं? पण फेलिक्स बोलून गेला, "अर्बाब, इसका मशीन बना देगा मैं. ऑटोमॅटिक!"

अर्बाबनी पेन खाली ठेवलं. "वल्ला? तो पहले मशीन, बाद में छुट्टी."

घरी हे ऐकून क्लोटिल्डाने कपाळाला हात लावला. तिच्या धाकट्या भावाचं, गॅव्हिनचं, लग्न राखेच्या बुधवाराआधीच्या रविवारी होतं. तो रविवार हुकला की उपवासकाळ सुरू, म्हणजे थेट ईस्टरनंतर. त्यात आई गेलेली. आईच्या जागी उभी राहणारी थोरली बहीण एकटी हीच. गॅव्हिन दर शुक्रवारी फोनवर एकच विचारायचा, "ताई, येतेस ना गं?" आणि फोन ठेवल्यावर ही बाथरूममध्ये जाऊन डोळे पुसायची.

"नुसती सही घेऊन यायचं होतं रे तुला," ती म्हणाली. "दोन मिनिटं तोंड बंद ठेवलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

फेलिक्सने पक्कड शोधली आणि मशीन बनवायला घेतलं.

आणि खरं सांगायचं तर मशीन झकास झालं. पत्र्याच्या उतरत्या पन्हळीतून काडतूस घरंगळत यायचं, तबकडीच्या भोकात उभं राहायचं, ज्योतीसमोरून सावकाश सरकायचं आणि चुर्रर्र करत बालदीत पडायचं. प्रश्न होता वेळेचा. ज्योतीसमोर बरोबर सहा सेकंद. चार झाले तर मान कडकच, दहा झाले तर सत्यानाश. घड्याळाकडे बघावं तर ज्योतीवरची नजर हटायची. त्याने पाहिलं की आपण 'नमो मारिया' भराभर म्हटली तर निम्म्यावर येईपर्यंत सहा सेकंद होतात. मग काय, चार संध्याकाळी बाल्कनीत ज्योत फुरफुरतेय आणि फेलिक्स निम्मी प्रार्थना म्हणून थांबतोय, परत पहिल्यापासून म्हणतोय.

"पुरी तरी म्हण रे एकदा," क्लोटिल्डा आतून ओरडली. "वर हिशोब राहत नाही त्यांना!"

बुधवारी वीसच्या वीस काडतुसं एकसारखी निघाली, मानेवर निळसर झाक, बूड थंड. फेलिक्सने आनंदाने मत्रहला नूरुद्दीनचाचांना फोन लावला. चाचा रत्नागिरीचे, चाळीस वर्षं तिथल्या बाजारात दुकान, ओमानी रीतभात कोळून प्यालेले.

"उद्या अर्बाब त्यांच्या मामांना घेऊन येतायत, चाचा. मामा जुने नेमबाज आहेत म्हणे."

"मग नीट ऐक. आल्या आल्या मशीन मशीन करू नको. म्हातारा आधी तुझी खबर विचारेल, घरच्यांची विचारेल, मुलखाची विचारेल. दर खेपेला 'अल्हम्दुलिल्ला', देवाची कृपा, असं म्हणायचं आणि आपण उलट विचारायचं. आणि त्याने हात सोडल्याशिवाय आपण सोडायचा नाही. मागे एकाने मध्येच हात काढला नि कामाचं बोलला. अजून त्याचं नाव निघालं की लोक मान हलवतात."

गुरुवारी संध्याकाळी खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. पाहुण्यांना मशीन चालतं दिसावं म्हणून फेलिक्सने ज्योत पेटवली, मोटर सुरू केली, पन्हळीत काडतुसं भरली आणि दार उघडायला धावला. अर्बाब आत आले, मागून पांढऱ्या दाढीचे मामा. मामांनी फेलिक्सचा हात हातात घेतला.

"कसा आहेस? खबर काय?"

"अल्हम्दुलिल्ला. आपली खबर?"

"अल्हम्दुलिल्ला. घरचे कसे?"

बाल्कनीत मोटर घुर्र घुर्र करत होती. चुर्रर्र, एक काडतूस पाण्यात पडलं. चुर्रर्र, दुसरं. फेलिक्सचं काळीज सुपाएवढं झालं.

"मुलूख कसा? पाऊसपाणी?"

"अल्हम्दुलिल्ला, भरपूर—"

आणि मोटर थांबली.

फेलिक्सने कान टवकारले. ज्योतीचा फुरफुराट चालूच होता. म्हणजे एक काडतूस ज्योतीसमोर तसंच उभं! सहा सेकंद गेले, बारा गेले. हात मामांच्या हातात. मामा आता त्याच्या भावांची चौकशी करत होते. फेलिक्सला भाऊ पाच. नसते एवढे तर काय बिघडलं असतं! त्याने हळूच बोटं ओढून पाहिली, तशी मामांनी दुसरा हातही वरून ठेवला.

"सर्वांत धाकटा काय करतो?"

"अल्हम्दुलिल्ला," फेलिक्स रडवेल्या आवाजात म्हणाला.

मामांनी हात सोडला तेव्हा सगळे बाल्कनीत गेले. काडतूस लालभडक होऊन मान टाकून बसलं होतं. फेलिक्सने झडप घालून गॅस बंद केला. अर्बाबनी आधी त्या काडतुसाकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"फेलिक्स, ये मशीन है या चूल्हा?"

"अर्बाब, कसम से, कल तक एकदम—"

"एक ऐसा निकला, तो बाकी पे कैसे भरोसा? बंदूक मेरे गाल के पास रहती है!"

गेली सुट्टी, गेलं लग्न. फेलिक्स मान खाली घालून उभा राहिला. त्याला गॅव्हिन आठवला, बायकोचे पुसलेले डोळे आठवले आणि स्वतःच्या जिभेचा मनापासून राग आला.

मामा मात्र त्याच्याकडे निरखून बघत होते. मग ते भाच्याशी अरबीत बराच वेळ बोलले. अर्बाबनी सुस्कारा सोडला.

"मेरा खाल, मेरा मामा, बोलता है, ये आदमी पाँच भाई का नाम सुनके रोने लगा. इसका दिमाग गरम हो गया, इसको घर भेजो." त्यांनी खिशातून पेन काढलं. "कितना दिन माँगा था? पंद्रह? एक महीना जाओ. और ये मशीन को हाथ नहीं लगाना. खलास!"

सही झाली. पाहुणे खाली उतरेपर्यंत क्लोटिल्डाने मशीन गुंडाळून माळ्यावर टाकलंही. शनिवारी अर्बाबकडे ठेवलेला पासपोर्टही हातात आला. पण फेलिक्सचं तोंड उतरलेलंच. जेवताना मध्येच घास थांबायचा, "गियर अडकला असेल का गं?" रात्री कुशीवर वळून, "बेअरिंग?" क्लोटिल्डा "झोप आता" म्हणायची आणि बॅगा भरायची.

विमान मस्कतहून उडालं, समुद्रावर आलं. पट्टे बांधायचा दिवा विझला, तेव्हा क्लोटिल्डाने नवऱ्याच्या हातावर हात ठेवला.

"मोटर बिघडली नव्हती. प्लग मी काढला."

"काय?"

"तू पाहुण्यांबरोबर खबरबात करत होतास ना, तेव्हा ड्रायव्हर स्वयंपाकघराच्या दाराने वर आला. हातात खोकं. म्हणाला, 'मॅडम, ऐसा और छे है गाडी में. पूरे क्लब का माल. अर्बाब बोला, मशीन पास हुआ तो फेलिक्स ईद तक यही करेगा.' गुपचूप परत पाठवला त्याला. म्हटलं, हे मशीन पास झालं तर माझा भाऊ आईबहिणीशिवाय बोहल्यावर चढतो. मग गेले बाल्कनीत आणि..." तिने बोटांनी प्लग उपटून दाखवला.

"मग मला सांगितलं का नाहीस? आठ दिवस तडफडलो मी!"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

काय केलं असतं ते दोघांनाही ठाऊक होतं. फेलिक्स तसाच चप्पल अडकवून अर्बाबकडे पळाला असता, मशीन बरोबर होतं म्हणून सांगायला.

क्लोटिल्डा शांतपणे डोळे मिटून बसली. तिला वाटलं आता नवरा चिडेल, निदान मुंबई येईपर्यंत बोलणार नाही. फेलिक्सच्या चेहऱ्यावर मात्र हळूहळू उजेड पसरत चालला होता. तो सीटमध्ये ताठ बसला, शर्टाची कॉलर सारखी केली आणि पलीकडच्या सीटवर पेंगणाऱ्या अनोळखी गृहस्थाला त्याने कोपराने ढोसलं.

"भाऊ, जागे आहात? मशिनरीतलं काही कळतं का तुम्हाला?"