शहर जावयाच्या बोटावर

ऑपरेटरने मशीन बंद केलं ते पाण्याच्या वाटेवरच्या जाळीत अडकलेला पालापाचोळा काढायला. शहर बंद करायचा त्याचा अजिबात विचार नव्हता. पण त्याने बटण दाबायला आणि डोक्यावरचा पंखा थांबायला एकच गाठ पडली, आणि मिनिटभरात सासऱ्यांचा फोन आला.

"जावईबापू, लिफ्टमध्ये अडकलोय. अख्ख्या शहराची लाईट गेलीय म्हणे. तुम्हीच घालवलीत ना?"

ऑपरेटरला घाम फुटला. धरणाच्या पायथ्याशी दीड मेगावॉटचं एवढंसं वीज केंद्र, त्यात एक मशीन आणि एक तो. पण लग्न ठरताना त्याने छाती फुगवून सांगितलं होतं, "शहर माझ्या बोटावर चालतं." आता हो म्हणावं तर नोकरी जाणार, नाही म्हणावं तर इज्जत. "बघतो," असं म्हणून त्याने फोन ठेवला आणि नियंत्रण कक्षाला लावला.

"साहेब, चुकलो. शहर माझ्याकडून बंद पडलं."

"कोण बोलतंय?"

"दीड मेगावॉट."

"अहो दीड मेगावॉट, शहराला नव्वद लागतात! मुख्य लाईन तुटलीय. तुम्ही बंद आहात हे आम्हाला आत्ता तुमच्याकडूनच कळतंय."

ऑपरेटरला हायसं वाटलं आणि लगेच अपमानही वाटला. नक्की काय वाटून घ्यावं ते कळेना.

"पण बरं झालं फोन केलात," साहेब म्हणाले. "शहराजवळच्या गॅसवर चालणाऱ्या वीज केंद्राला सुरू व्हायलाच बाहेरची वीज लागते. तुमचं नुसत्या पाण्यावर भागतं. तुम्ही सुरू व्हा. तुमच्या विजेवर त्यांना उठवू, त्यांच्या विजेवर शहर."

"म्हणजे शहर माझ्यावरच चालतं?"

"आज. पहिली दहा मिनिटं."

तेवढ्यात पुन्हा सासरे. "अहो, लिफ्टमध्ये आठ जण आहोत. जावई करतोय म्हणून सांगून बसलोय. उरका!"

ऑपरेटरने हातांनीच जाळी उपसली, पाण्याची झडप उघडली. चाक कुरकुरलं, मग गरगरलं. तासाभराने साहेबांचा फोन आला. "शाबास! शहर आलं."

त्याने लगेच सासऱ्यांना फोन लावला. "बाबा, आली ना लाईट?"

"मी कधीच घरी आलो. वॉचमनने जनरेटर लावला. काय पोरगा आहे हो! एक दोरी ओढली, लिफ्ट चालू. तुम्ही तासभर करत काय होतात?"

"शहर... चालू करत होतो."

"असू द्या, असू द्या. धाकटीला बघायला त्याला संध्याकाळी घरी बोलावलंय. तुम्हीही या, चार गोष्टी शिकाल."