लिफ्टला सांधा पाहिजे

आमच्या इमारतीत लिफ्ट आली की माणसं आत शिरतात. विश्राम शिरत नाही. तो आधी खिशातून हिरवा रुमाल काढतो, आत कोण उभं आहे ते बघतो, दाराची फट बघतो, आणि मग रुमाल हलवून म्हणतो, "येऊ द्या." लिफ्ट तर आलेलीच असते. पण झेंडी दाखवल्याशिवाय ती आली असं विश्राम धरत नाही. आपल्या मजल्यावर उतरला की मागं वळून रिकाम्या लिफ्टला परत एकदा रुमाल. "जाऊ द्या."

नवीन भाडेकरू आले की आठवड्याभरात मला विचारतात, "आबा, ते सहाव्या मजल्यावरचे काका बरे आहेत ना?" मी सांगतो, बरा आहे. रेल्वेत होता.

रेल्वेत म्हणजे इंजिनावर नाही, तिकिटाच्या खिडकीतही नाही. विश्राम सांधेवाला. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाते ती आपल्या मनानं जात नाही. दोन रूळ जिथं मिळतात तिथं सांधा असतो, तो कुणीतरी हलवावा लागतो. पनवेलच्या यार्डात विश्रामनं जन्मभर तेच केलं. "सांधा लावला, कुलूप घातलं, चावी खिशात, मगच झेंडी," हे त्याचं बोलणं. दुधाची पिशवी फोडतानासुद्धा म्हणतो.

रिटायर झाला पण गाडी सुटली नाही. आमच्या इमारतीचे मजले त्यानं रोह्याच्या लाईनीला जोडून टाकले. तळमजला पनवेल. पहिला सोमाटणे, दुसरा रसायनी, असं करत करत दहावा मजला रोहा. तो स्वतः सहाव्यावर, म्हणजे पेणला. मी तिसऱ्यावर. तेव्हा आम्ही एकाच लिफ्टनं जायचो. एकदा चार पाहुण्यांसमोर मला म्हणाला, "शेठ, आपटा!"

मी म्हटलं, "तू आपट. तुझा बाप आपटला असंल."

"अरे स्टेशन सांगतोय, स्टेशन! आपटा आला, उतरा."

त्यानंतर मी महिनाभर जिना वापरला.

तर अशी आमची ओळख. ही इमारत उभी आहे ती आमच्या भाताच्या खाचरांवर, हे मी सगळ्यांना सांगतो, इथंही सांगून ठेवतो. मी चौथी शिकलो, पण बांध कुठं घालायचा आणि पाणी कुठून काढायचं हे मला कुणी शिकवायला येऊ नये. कमिटीत होतो तेव्हा मी एक नियम घातला. दोन लिफ्ट आहेत, शेजारी शेजारी. डावी फक्त सम मजल्यांवर थांबेल, उजवी फक्त विषम. प्रत्येक मजल्यावर थांबून थांबून लिफ्टचा जीव जात होता, पोरं सगळी बटणं दाबून पळत होती. माझ्या नियमानंतर लिफ्ट बिघडायची थांबली. सगळ्यांनी मान्य केलं, एक विश्राम सोडून.

पहिली दोन-चार वर्षं तो नुसता कुरकुरायचा. गेल्या वर्षापासून मात्र माझ्या पाठीच लागला. आम्ही चार म्हातारे खाली लिफ्टसमोरच्या बाकावर बसतो, तिथं येऊन उभा राहायचा. बसायचा नाही.

"शेठ, एका लाईनीवर गाड्या किती?"

"एक."

"ती वर गेली की खालचा मानूस काय करतो?"

"वाट बघतो."

"त्याच गाडीची! अख्खी लाईन मोकळी पडलेली, आन् मानूस वाट बघतोय. रेल्वे अशी चालवली असती तर तुमी लग्नाला निघून बारशाला पोचला असता."

"मग काय करू?"

"सांधा. लिफ्टला सांधा पायजे. डाव्या लाईनीवर सगळ्या वर जानाऱ्या, उजवीवर सगळ्या खाली येनाऱ्या. एका लाईनीवर तीन-तीन गाड्या. वर पोचली की सांधा बदलायचा, गाडी आडवी सरकून शेजारच्या लाईनीवर. आन् एक सांधा मधी. सहाव्याला."

"सहाव्यालाच का?"

"यार्ड तिथंच बरं पडतं," तो दुसरीकडं बघत म्हणाला.

मला हे ओळखीचं वाटलं. माझ्या आजोळी विहिरीवर रहाट होता. एका बाजूनं भरलेली गाडगी वर, दुसऱ्या बाजूनं रिकामी खाली, एकामागून एक. मी म्हटलं, "विश्राम, हा तर रहाट झाला. पण गाडगं वर आलं की उलटं होतं, त्याशिवाय पाणी सांडत नाय. देसाईबाई दहाव्या मजल्यावर उलट्या झाल्या तर?"

देसाईबाई आमच्या सेक्रेटरी. बाक हसून हसून हलला. विश्राम तोंड पाडून निघून गेला.

तिसऱ्या दिवशी बुटांचं खोकं घेऊन हजर. आत दोन उभ्या पट्ट्या, पट्ट्यांवर काड्यापेट्या. वरच्या टोकाला एक गोल चकती, चकतीवर पट्टीचा तुकडा. काडीनं चकती फिरवली की तुकडा आडवा होतो आणि पेटी त्यावरून सरकत पलीकडं जाते. पेटीत त्यानं दोन चिंचोके बसवले होते. चिंचोके सरळच राहिले.

"गाडी नाय फिरत," तो म्हणाला. "रुळाचा तुकडा फिरतो."

खरं सांगतो, मी ते खोकं तासभर सोडलं नाही. पण कबूल कसं करणार? मी म्हटलं, "आन् दोर? लिफ्ट दोराला टांगलेली असते. आडवी नेलीस तर दोर कुठं जाईल? आन् वरच्या गाडीचा दोर खालच्या गाडीच्या डोक्यावर."

विश्रामनं खोकं उचललं. "दोराचं बघतो," म्हणाला. मग दोन महिने भेटला की आधीच सांगायचा, "दोराचं बघतोय."

तेवढ्यात नोटीस लागली. जुन्या दोन्ही लिफ्ट काढून नव्या बसवायच्या, रविवारी मीटिंग. विश्राम नोटीस वाचून माझ्याकडं आला तो धापा टाकत. "शेठ, आता सांधा झाला तर झाला. एकदा नव्या लिफ्ट बसल्या की आपन मरेपर्यंत त्याच. मी मीटिंगला मांडनार. तुमी आडवे येऊ नका."

"मी कशाला आडवा येऊ? आडवी तुझी लिफ्ट जाणार."

हसला नाही. नोटीस परत एकदा वाचायला गेला. मला नवल वाटलं. एवढं काय आहे त्या सांध्यात?

मीटिंगच्या आधी लिफ्टच्या कंपनीची इंजिनिअर पाहणीला आली. पोरगी होती, डोक्याला हेल्मेट, हातात मोजायची टेप. विश्राम खोकं घेऊन तिच्या पुढ्यात. मला वाटलं आता ही हसणार. ती उकिडवी बसली, चकती दोनदा फिरवून पाहिली आणि म्हणाली, "काका, हे तुम्ही कुठं पाहिलंत?"

"पनवेल यार्डात."

"नाही, म्हणजे लिफ्टचं. परदेशात असं करून बघितलंय. एका शाफ्टमध्ये बऱ्याच केबिन, आणि केबिन एका शाफ्टमधून दुसऱ्यात जाते. असाच रुळाचा तुकडा फिरतो."

मी मध्ये घुसलो. "आन् दोर?"

"दोरच नसतो, आजोबा. भिंतीला विजेची चुंबकं असतात, ती केबिनला ढकलत नेतात."

विश्रामनं माझ्याकडं असं बघितलं की मी चप्पल शोधायला लागलो. मग त्यानं आवाज खाली आणून तिला विचारलं, "पोरी, रुळाचा तुकडा फिरताना गाडी आली तर?"

"येऊच शकत नाही. तुकडा जागेवर बसून लॉक झाला, हे कळल्याशिवाय केबिन हलत नाही."

"कुलूप घातलं, चावी खिशात, मगच झेंडी," विश्राम म्हणाला. त्यानं डाव्या हातात खोकं धरलं आणि उजव्या हातानं त्या पोरीला सलाम केला, यार्डात साहेबाला करायचा तसा.

"पण काका, आपल्याकडं हे नाही जमणार," ती बिचारी हळूच म्हणाली. "ते उंचच उंच टॉवरसाठी. दहा मजल्यांना कुणी देणार नाही."

"सहाव्याला एकच सांधा दिला तरी?"

"एक असो नाहीतर दहा, काका. सगळी यंत्रणाच वेगळी."

त्यानं खोक्याचं झाकण लावलं आणि लिफ्टमध्ये शिरला. रुमाल काढला नाही. ते बघून मला बरं वाटलं नाही.

संध्याकाळी मी सहाव्यावर गेलो. चढूनच गेलो, माझी विषम लिफ्ट तिथं थांबत नाही ना. विश्रामच्या घरी मी वर्षभरात गेलो नव्हतो. त्याची बायको शेवंता, तिला गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून ती कुणाला भेटत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. ही शेवंता म्हणजे आमच्या आगरी लग्नांतली धवलारीण. लग्नातले धवले गाणारी. भटजी थांबेल पण शेवंता थांबायची नाही. माझ्या तिन्ही पोरांच्या लग्नात तीच गायली. तिच्या जोडीला कायम हिराबाय, ती आमच्या सातव्या मजल्यावर राहते. हिराबाय पाय घसरून पडली तेव्हापासून खाटेवरच आहे.

दार उघडंच होतं. शेवंता चाकाच्या खुर्चीत बसलेली, पाठमोरी. चांगल्या हातात झाडूचा दांडा. तिनं तो उचलून छताला तीन वेळा ठोकला. थोडा वेळ काहीच नाही. मग वरून आवाज आला, टक. अजून एक, टक. आणि थांबला.

"आज दोनच," शेवंता म्हणाली. शब्द वाकडे येत होते, पण कळत होते. "काल तीन होते."

विश्रामनं मला पाहिलं आणि दंडाला धरून जिन्यात आणलं.

"फोन लावून दे की," मी म्हटलं.

"हिराबायला ऐकू येत नाय, ठोका तेवढा खाटेतून कळतो. हिचं बोलनं तर मलाच कळत नाय कधी कधी."

"मग उचलून ने. एक जिना. माझी पोरं येतील."

"म्हनते, मी काय भाताची गोनी हाय?"

"मग डाव्या लिफ्टनं खाली आण, उजवीत बसव, सातव्याला ने. सरळ हाय."

विश्रामनं मागं जाऊन घराचं दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "खाली तुमी बसलेले असता."

"म्हंजे?"

"तुमी चौघं. दार उघडलं की समोर. वयनी, बरं हाय का, वयनी, गोळ्या घेता का, वयनी, आता गात नाय का. ज्यांच्या मांडवात ताठ उभी राहून गायली त्यांच्यासमोर तोंड वाकडं घेऊन गाडी बदलायची नाय म्हनते. मी बोललो, पहाटे जाऊ, कोन नसतं. तर म्हनते, चोरासारकी जानार नाय."

"मग मीटिंगमध्ये सरळ सांगायचं होतंस, माझा नियम काढा म्हणून."

"कारन विचारलं असतं. तिचं नाव काढनार नाय, अशी शपथ घातलीय मला." त्यानं रुमाल काढून नाक पुसलं. "सांध्याला कारन लागत नाय. सांध्याला सगळे येडा म्हनतात, तेवढंच."

मी जिना उतरलो. चौथ्या मजल्यावर बसावं लागलं. गुडघ्यांमुळं, दुसरं काही नाही.

रविवारी मीटिंगला विश्राम खोकं घेऊन उभा राहिला. इंजिनिअर नाही म्हणाली हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी उभा राहिला. काड्यापेटी आडवी गेली तेव्हा टाळ्या पडल्या, त्या कसल्या ते मला कळत होतं. देसाईबाई म्हणाल्या, "काका, फार इंटरेस्टिंग आहे, पण पुढचा विषय घेऊया."

मी उठलो. "पुढचा विषय माझा. सम-विषम बंद करा. दोन्ही लिफ्ट सगळ्या मजल्यांवर थांबल्या पायजेत. उद्यापासून. नव्या येईपर्यंत थांबायचं नाय."

सगळे माझ्याकडं बघत राहिले. देसाईबाई म्हणाल्या, "आबा, पण तो नियम तुमचाच! मागं मी बदलूया म्हटलं तर तुम्ही माझ्याशी चार महिने बोलला नाहीत."

"मीच लावला, मीच काढतोय."

"पण कारण?"

"चुकला होता."

हा शब्द माझ्या तोंडून कुणी ऐकलेला नव्हता. बाकावरच्या एकानं मला ताप आहे का म्हणून विचारलं. पण ठराव झाला. विश्राम माझ्याकडं बघत नव्हता. काड्यापेटीतले चिंचोके नीट बसवत होता.

सोमवारी लिफ्टवाला आला आणि अर्ध्या तासात काम करून गेला. मी बाकावर एकटाच होतो. बाकीच्या तिघांना मी मासळी मार्केटला पाठवलं होतं, करंदी बघायला. दहाच्या सुमाराला डाव्या लिफ्टचा आकडा सहावर गेला. बराच वेळ सहावरच. मग सात.

थोड्या वेळानं विश्राम जिन्यानं खाली आला. बाकाजवळ उभा राहिला, आणि मग बसला, माझ्या शेजारी.

"काय रे?"

"हाकलला मला. दोघींनी."

"का?"

"मधी मधी बोलतो म्हने. संध्याकाळी घ्यायला ये म्हनाली."

"मग घरी जा, झोप."

"घरी काय करू? कोन नाय घरी."

मी चहा मागवला. त्यानं अर्धा प्याला. जेवायला चल म्हटलं तर, "नको, बोलावलं तर?" मी जेवून आलो, डुलकी काढून आलो. साडेचारला बघतो तर तसाच बसलेला, हात मांडीवर, नजर आकड्याकडं. आकडा वरखाली होत होता.

"बोलावलं नाय अजून?"

"नाय," विश्राम म्हणाला, आणि वर्षभरात पहिल्यांदाच मी त्याला तसं हसताना पाहिलं. "अजून नाय."