कॉलनीतला जपानी नमस्कार

२०१८ साली आमच्या बऱ्हाणपूरच्या कॉलनीत ज्येष्ठांचा आदर सुरू झाला. त्याआधी लोक नुसते पाया पडत.

ठिबक सिंचनाचे डीलर निरंजनभाऊ त्या वर्षी कंपनीच्या सहलीतून जपान पाहून आले. येताना त्यांनी दोन नक्षीचे पंखे आणि एक संस्कृती आणली. ते कॉलनी समितीचे अध्यक्ष असल्यामुळे पंखे घरी राहिले आणि संस्कृती समितीला मिळाली.

"तिथं वडीलधाऱ्यांसमोर सगळे कमरेतून वाकतात," ते सभेत म्हणाले. "आणि एकट्यासाठी कोणी काही मागत नाही. आधी समूह."

पुढचा विषय माझ्या शेजारणीचा, रंभाबाईंचा होता. हॉलच्या पायऱ्यांना रेलिंग हवं, एवढंच. गुडघ्यांमुळे त्यांना चढवत नसे. गुरुवारचं भजन त्या खाली चपलांजवळ बसून सांगत आणि आम्ही वर टाळ वाजवत असू.

"रेलिंग कोणाला हवंय?" निरंजनभाऊंनी विचारलं.

"मले!" खालून आवाज आला.

"वर बसलेल्यांपैकी?"

वर बसलेले सगळे चढूनच आले होते. मी हात वर केला, तर म्हणाले, "काकू, तुम्ही तर आरामात आलात ना." विषय एकमताने संपला.

जपानी नमस्काराची एक अडचण होती. पाया पडणाऱ्याला बसल्या जागी आशीर्वाद देता येतो. इथं समोरचा वाकला की आपणही थोडं वाकायचं. दूध आणायला निघालेली आम्ही म्हातारी माणसं कोपऱ्याकोपऱ्यावर वाकत जायचो. कंबर चोळून द्यायला घरी कोणी नसे. तरुण मंडळी वाकण्याच्या सरावाला गेलेली असत.

मग ज्येष्ठ सन्मान सोहळा ठरला. सर्वांत वयस्क म्हणून पहिला मान रंभाबाईंचा. त्यांनी हॉलच्या पायऱ्या चढायच्या आणि दोन्ही बाजूंनी रांगेत उभ्या तरुणांनी एकदम वाकायचं. त्यांचा नातू जीवन रांग सोडून पुढे आला.

"जीवन, लाइन में रह," निरंजनभाऊ हळूच म्हणाले. "हात मांडीला लाव. एकटा वेगळा दिसतोस."

"पर काका, आजी..."

"समूह, जीवन."

जीवन रांगेत गेला.

"वाकू नको रे, हात दे," रंभाबाई म्हणाल्या. तेवढ्यात वाकायची शिटी वाजली.

दृश्य देखणं होतं. सगळ्यांच्या पाठी एका रेषेत, सगळ्यांच्या नजरा जमिनीवर. त्यामुळे रंभाबाई पडल्या ते त्यांच्यापैकी कोणी पाहिलं नाही. आवाज आला, पण मध्येच डोकं वर काढणं हा अनादर झाला असता.

"अरे, पडली ती," मी वरून ओरडले.

"काकू, शांतता," निरंजनभाऊ वाकल्या वाकल्याच म्हणाले.

रेलिंग दिवाळीआधी बसलं. त्यावर समितीची पाटी आहे आणि उन्हाळ्यात पापडांखालची चादर धुऊन वाळत असते. निरंजनभाऊ आता खंडव्यापर्यंत जपानी मूल्यांवर व्याख्यानं देतात. रंभाबाईंचं मांडीचं हाड जुळलं, पण त्या पुन्हा चालल्या नाहीत. गुरुवारी आम्हीच त्यांच्या खाटेभोवती बसतो. जीवन जपानी शिकला आणि तिकडच्या एका वृद्धाश्रमात कामाला लागला. "इकडे पण वाकतात, आजी," तो फोनवर सांगतो, "लेकिन पहले हाथ पकडते हैं. आणि प्रत्येक पायरीला रेलिंग आहे."

तुम्हीही हे मान खाली घालूनच वाचत असाल. एकदा वर बघा, पायरीपाशी कोणी उभं आहे का.