परकारभाईंची तिसरी कॅसेट

परकारभाईंच्या घरी चहा गॅसवर असेपर्यंत कुणी बोलायचं नाही, असा नियम आहे. हलायचंही नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. दूध वर येताना दिसलं म्हणून गॅस बारीक करायला मी हात पुढे केला, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"हात लावू नका, सावंतसाब. लोड होतंय."

चहा उतू गेला. भाईंनी शांतपणे शेगडी पुसली, पुन्हा आधण ठेवलं आणि आम्ही दोघं ओट्यापाशी मुक्यासारखे उभे राहिलो. आखातात, उम्म अल कुवैनला नवी नोकरी धरून मला चार दिवस झाले होते आणि शेजारी असा निघाला.

भाई मूळचे रत्नागिरीचे. इथल्या इंडस्ट्रियल एरियात त्यांचं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. बायको वारली, मुलगी अबू धाबीला अल रीम बेटावर चाळिसाव्या मजल्यावर राहते आणि दर शुक्रवारी फोन करून "अब्बा, इकडे या" म्हणते. भाई "इन्शाल्ला" म्हणतात आणि जात नाहीत.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे अठ्ठेचाळीस के. जगातली कुठलीही गोष्ट अठ्ठेचाळीस के मेमरीत बसली पाहिजे, असं त्यांचं ठाम मत. गावी जाताना माझी बॅग ते स्वतः भरून देतात. अर्धं सामान बाहेर काढतात आणि म्हणतात, "आता बसतंय का बघा." गणपतीत मंडळाने मला भाषण करायला सांगितलं. मी तीन पानं लिहिली, भाईंनी त्यातल्या चार ओळी ठेवल्या. एवढ्या टाळ्या मला आयुष्यात मिळाल्या नव्हत्या. माझ्या मुलीने एकदा त्यांना मोबाईलवरचा गेम दाखवला. "किती मोठा आहे?" भाईंनी विचारलं. "टू जीबी, अंकल." भाईंनी मोबाईल उलटा करून मागून बघितला. मग म्हणाले, "एवढ्यात भरलंय काय? कामधंदे नाहीत का लोकांना?"

हे सगळं मी फॅक्टरीत रंगवून सांगत असे. भाई म्हणजे आमचा हुकमी विनोद होता. आज त्याची लाज वाटते.

ऐंशीच्या दशकात, शारजात एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानामागच्या खोलीत, परकारभाई आणि सुधाकर जाधव नावाचा त्यांचा दोस्त कॉम्प्युटर गेम बनवत होते. घरोघरी टीव्हीला जोडायचे ते रबरी बटणांचे कॉम्प्युटर तेव्हा नवीन आले होते; सगळी मिळून मेमरी अठ्ठेचाळीस के. भाई दिवसा टीव्ही दुरुस्त करायचे, सुधाकर एका कन्स्ट्रक्शन कंपनीत ड्राफ्ट्समन. संध्याकाळी ही खोली. कंपनीचं नाव त्यांनी ठेवलं होतं 'दोन खिडक्या सॉफ्टवेअर', कारण खोलीला एकही खिडकी नव्हती. सुधाकर आलेखाच्या कागदावर चित्रं काढायचा, एक चौकोन म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका. भाई ते ठिपके आकड्यांत मांडून कॉम्प्युटरला घालायचे.

पहिल्या गेममध्ये उंटाला चौकातून रस्ता ओलांडायचा होता. तो बरा चालला. दुसऱ्यात माकडांपासून हापूसची बाग राखायची होती. इथल्या पोरांना माकड आंबे का नेतं तेच कळेना, तेव्हा तो पडला. तिसरा होता समुद्राच्या तळाशी जाऊन मोती काढणाऱ्या पाणबुड्याचा. त्याचा श्वास संपत आला की पाण्याचा रंग बदलायचा. अठ्ठेचाळीस के मध्ये हे बसवायला त्यांना आठ महिने लागले. "काय गेम होता, सावंतसाब," भाई म्हणायचे. "माझ्या हातून दुसरं असं काही झालं नाही."

हे गेम यायचे साध्या गाण्याच्या कॅसेटवर. टेप लावायचा, गेम लोड होईपर्यंत पाच मिनिटं किर्रर्र असा आवाज ऐकायचा, आणि मध्ये टेबलाला धक्का लागला की पुन्हा पहिल्यापासून.

आता त्या काळात आखातातल्या माणसांची आणखी एक पद्धत होती. घरी पत्र लिहायचं नाही, कॅसेटमध्ये बोलायचं. गावी जाणाऱ्याच्या हाती ती द्यायची, आणि गावात ज्याच्याकडे टेप असेल त्याच्या ओटीवर बसून सगळ्यांनी ऐकायची. सुधाकरची आई संगमेश्वराजवळच्या खेड्यात एकटी होती. तिच्यासाठी सुधाकरने एक बाजूभर बोलून ठेवलं होतं. त्याच टेबलावर, तशाच कॅसेटवर, पाणबुड्याचा गेम होता. लेबल एकीवरही नव्हतं.

पुढे काय झालं ते कळलंच असेल. सुधाकरचं बोललेलं पत्र विकायच्या कॉपी काढायला गेलं आणि गेम संगमेश्वरला गेला.

पाणबुड्याचं चित्र असलेली खोकी शारजाच्या दुकानांतून विकली गेली. पोरं घरी जाऊन कॅसेट लावायची. कॉम्प्युटर आपला वाट बघत बसलाय आणि टेपमधून एक माणूस मराठीत आईशी बोलतोय. एका अरब गिऱ्हाइकाने दुकानात येऊन विचारलं म्हणे, "हबीबी, पाणबुड्या एवढा रडतो का?" कारण सुधाकर त्यात रडला होता. राहायच्या रूममध्ये आठ जण असायचे म्हणून तो त्या बिनखिडकीच्या खोलीत बसून मोकळा झाला होता, आणि ते आता सगळ्या शारजाने ऐकलं. मराठी समजणारेही तिथे कमी नव्हते. साइटवर पोरं त्याची नक्कल करायला लागली.

तिकडे आईने ओटीवर चार माणसं जमवून किर्रर्र ऐकलं. शेजाऱ्याकडून उलट पत्र लिहून घेतलं, "तुझा आवाज असा का झाला? छातीला तेल लाव, काढा घे."

इथपर्यंत भाई ही गोष्ट हसवत सांगायचे. शेवटी म्हणायचे, "लेबल लावायला नको माणसाने? एवढा शिकलेला ड्राफ्ट्समन!" आणि आम्ही हसायचो.

मागच्या उन्हाळ्यात मी सुट्टीवर निघालो होतो. भाई बॅग भरून देत होते. मी सहज म्हटलं, संगमेश्वरवरूनच जाणार आहे, तुमच्या सुधाकरला काही द्यायचंय का? भाईंचा हात बॅगेतच राहिला. मग ते आत गेले आणि एक कॅसेट, एक जुना टेप आणि नवे सेल घेऊन आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्या बॅगेत सामान वाढवलं.

"लेबलची चूक नव्हती," ते खाली बघत म्हणाले. "मी कॅसेट वाजवून बघायला पाहिजे होती. पाच मिनिटांचं काम. दुकानवाला गाडीत हॉर्न मारत होता, मी म्हटलं, यल्ला, चला, हीच असेल. नकला सोसेनात म्हणून सुधाकर पंधरा दिवसांत गावी निघून गेला. कॉपी काढून परत आलेली ही मूळ कॅसेट एअरपोर्टवर त्याला द्यायला पाहिजे होती. त्याच्यासमोर जायची हिंमत नाही झाली, सावंतसाब. त्याच वर्षी त्याची आई गेली. कॅसेटवरचं मुलाचं ते बोलणं तिने ऐकलंच नाही. खलास."

"तुम्ही ऐकलीत ही?" मी विचारलं.

"एकदाच. तेव्हा. दुसऱ्याच्या आईच्या नावाचं पत्र आहे ते."

संगमेश्वरहून आत सात-आठ किलोमीटरवर सुधाकररावांचं घर सापडलं. अंगणात सुपाऱ्या वाळत घातल्या होत्या. मी नाव सांगितलं, कॅसेट दाखवली, टेपमध्ये घालून बटण दाबायला गेलो, तेवढ्यात त्यांच्या पत्नी बाहेर आल्या.

"त्यांना ऐकू येत नाही हो आता. अजिबातच. पाटीवर लिहावं लागतं."

मी बटणावरून बोट काढलं. इतकी वर्षं ठेवलेली कॅसेट, आणि ऐकायला ना आई राहिली, ना कान. मी पाटीवर सगळं लिहिलं. सुधाकरराव टेपमधली कॅसेट काढून हातात उलटी-पालटी करत राहिले. "काय बोललो होतो मी तेव्हा?" त्यांनी मोठ्याने विचारलं. "आईला काय सांगितलं होतं?"

दुसऱ्याच्या आईच्या नावाचं पत्र मी वाजवून पाटीवर उतरवावं, हे मला बरं वाटेना; ते ऐकलेले एक भाईच होते. नेहमीच्या ॲपवरून आखातात कॉल लागत नाही, म्हणून आमच्या तिकडे चालतं ते उघडून मी भाईंना व्हिडिओ कॉल लावला. दुकानात दुपारची वेळ, भाई सोल्डरिंग करत होते. मी परिस्थिती सांगितली. ते उठले, हिशेबाच्या वहीतली कोरी पानं फाडली आणि जाड पेनाने लिहून एकेक पान कॅमेऱ्यासमोर धरायला लागले.

'आई, मी सुधा बोलतोय.'

'इथे ऊन फार आहे पण मी बरा आहे.'

'गाय व्याली का? गोठ्याचं छप्पर नाथाकडून करून घे.'

पान दिसायचं, सुधाकरराव वाचायचे, मान हलवायचे, दुसरं पान. 'इथे मी हसलो' असंही एक पान होतं. 'इथे खोकला.' 'इथे थोडा वेळ काहीच नाही, मग रडणं.' कॅसेट आणि टेप दोन्ही माझ्यासमोर अंगणात होते. भाईंकडे बघून लिहायला काही नव्हतं. एकदाच ऐकलेलं माणसाला असं पाठ असतं का? चार ओळींपुढे न जाणारा माणूस पंचवीस-तीस पानं लिहीत होता आणि मी मोबाईल धरून उभा होतो.

'तब्येतीला जप. तुझा सुधा.' हे शेवटचं पान.

सुधाकररावांनी डोळे पुसले आणि कपाळाला आठी घातली. "मधलं एक पान राहिलं," ते म्हणाले. "मी त्याच्याबद्दल बोललो होतो. दुसरं काही आठवत नव्हतं, पण ते आठवतंय. ते दाखव म्हणावं."

मी भाईंना सांगितलं. भाईंनी नाही अशी मान हलवली. "तेवढं टेपवर नीट ऐकू येत नाही म्हणून लिहा," ते पुटपुटले. "टेप खराब झाली असेल तिथे."

मी पाटीवर तसं लिहिलं. सुधाकररावांनी वाचलं, पाटी बाजूला ठेवली आणि माझ्या हातातून मोबाईल घेऊन अगदी तोंडाशी धरला.

"मग माझ्याकडून ऐक," बहिरी माणसं बोलतात तसं ते ओरडले. "मी म्हटलं होतं, आई, माझी काळजी करू नको, इथे मला परकार आहे."

भाईंचा फोन टेबलावर आडवा पडला असावा, कारण त्यानंतर बराच वेळ आम्हाला दुकानातला पंखाच तेवढा दिसत होता.