शेवटची आरती वालावलकरांकडे

आमच्या मुलुंडच्या इमारतीत कुणाला चोर म्हणायची सोय नव्हती. वालावलकर वकील लगेच जिन्यात हजर होत.

एकदा पहिल्या मजल्यावरच्या जोशीकाकूंचं दूध बोक्यानं प्यायलं. काकूंनी झाडू उचलला, तेवढ्यात वकील तोंडात ब्रश ठेवूनच तिसऱ्या मजल्यावरून खाली आले.

"पिताना पाहिलंत?"

"मिशांना दूध आहे की."

"मिशांना दूध असणं हा गुन्हा नाही, काकू. बाटलीचं बूच कुणी काढलं? त्यानं?"

बूच काकूंनीच काढून ठेवलं होतं. बोका सुटला. काकू हसल्या आणि वकिलांना चहा मिळाला.

गृहस्थ मूळचे कुडाळचे. वकिली फौजदारी. मी वर्तमानपत्रात वार्ताहर, राहायला त्यांच्या खालच्या मजल्यावर. एखाद्या नटाला अटक होवो की बँकेच्या मॅनेजरला, सकाळी ते माझ्या दारात उभे.

"सगळा देश म्हणतो, यानंच केलं. मग देशाला पिंजऱ्यात बोलवा ना, मी उलटतपासणी घेतो."

पोलिसांपुढचा कबुलीजबाब म्हणजे त्यांच्या मते दाढदुखीत केलेला नवस. कळ थांबली की माणूस विसरतो. "आरोपी हसला तर निर्लज्ज, रडला तर नाटकी. त्यानं करावं काय रे? शिंकावं?"

यातलं त्यांना स्वतःला किती पटतं, याचं मला कुतूहल होतं. विचारलं तर म्हणाले, "पटणं न्यायाधीशांचं काम. माझं काम विचारणं."

मग आमच्या भागातल्या डॉक्टरीणबाईंचा खून झाला. इमारतीतली निम्मी मुलं त्यांच्या हातची. पोलिसांनी त्यांच्या कंपाउंडरला पकडलं आणि त्याचं वकीलपत्र वालावलकरांनी घेतलं. कोर्टाबाहेर आम्हा वार्ताहरांना ते म्हणाले, "माणूस पहिल्या दिवशी सापडला म्हणून दुसऱ्या दिवसापासून तपास बंद. याला आळस म्हणतात." दुसऱ्या दिवशी ते पहिल्या पानावर होतं.

जोशीकाकूंनी त्यांना जिन्यात गाठलं. "माझी दोन्ही मुलं बाईंच्या हातची. आणि तुम्ही त्या मेल्याची बाजू घेता?"

"कुणीतरी घ्यावीच लागते, काकू. नाहीतर त्याला कोर्ट नाही, जमाव म्हणतात."

"घ्या मग. यंदा आम्ही कुणी तुमच्याकडे आरतीला येणार नाही."

"एवढी कडक शिक्षा? तीही माझी बाजू न ऐकता?" ते हसले. काकू हसल्या नाहीत.

आमच्याकडे गणपतीत आरती घराघरांतून फिरत वर चढायची. शेवटची वालावलकरांकडे, कारण तिथे वहिनींच्या हातची काळ्या वाटाण्याची उसळ आणि वडे असत. यंदा गणपती बसले त्या संध्याकाळी मी कचेरीतून उशिरा आलो, तो थेट तिसऱ्या मजल्यावर गेलो. दार सताड उघडं. सतरंजी भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरलेली. तिच्यावर कुणी नाही. वकील सोवळं नेसून एकटे आरती म्हणत होते, तेही सगळी इमारत हजर असल्यासारखं खच्चून. त्यांनी न थांबता माझ्या हातात टाळ दिले.

गणपतीची झाली, शंकराची झाली, देवीची झाली. दर आरती संपली की ते दाराकडे बघत आणि पुढची सुरू करत. मंत्रपुष्प म्हटलं की संपलं, एवढं मला ठाऊक होतं. ते काही मंत्रपुष्पाकडे वळेनात.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "आता पुरे करा. कोण येवचो नाय."

वकिलांनी ताम्हणातली विझत आलेली वात सारखी केली आणि माझ्याकडे वळले. आवाज एकदम लहान झाला होता.

"जोशीकाकूंचे गुडघे दुखतात ना. जिना चढायला वेळ लागतो त्यांना. अजून एक घेऊया."

वर येताना काकूंच्या बंद दाराआडून मी टीव्हीवरच्या बातम्या ऐकल्या होत्या. मी टाळ उचलले आणि विचारलं, "कुठली घेऊ?"

"मोठी घे," ते म्हणाले.