ठमाबाई भेकर आणि महाराजांची बाग

एका जंगलात, बाळांनो, जंगल फार झालं होतं. असं मी म्हणत नाही, तिथले महाराज म्हणाले. महाराज म्हणजे अर्थातच वाघ. ते शेजारच्या शहरात अभ्यासदौऱ्यावर गेले होते. तिथे त्यांनी बाग पाहिली. माणसं बूट घालून एकाच वाटेवर गोल गोल फिरत होती, कुठेच पोचत नव्हती आणि तरी खूश होती. महाराज भारावून परत आले. आपल्या प्रजेला विरंगुळ्याची सोयच नाही, याची त्यांना लाज वाटली.

त्या जंगलात ओढ्याकाठी ठमाबाई नावाची म्हातारी भेकर राहायची. भेकर म्हणजे लहानसं हरीण. ठमाबाईचे दात झिजले होते. जाडंभरडं गवत तिला चाववत नसे. ओढ्याकाठची कोवळी हरळी तेवढी पोटात जायची. हरळी गेली की ठमाबाईही गेली, इतकी सरळ गोष्ट होती.

बागेसाठी नेमकी तीच जागा पसंत पडली, कारण तिथे आधीच हिरवळ होती.

नगररचनेचं खातं कोल्ह्याकडे होतं. कोल्हा नियमाला पक्का. त्याने हरकती मागवणारी नोटीस काढली, मुदत तीस दिवसांची दिली आणि ती ओढ्याकाठच्या उंबरावर डकवली. चौथ्या दिवशी कामाला अडथळा होतो म्हणून उंबर तोडला.

पाचव्या दिवशी ठमाबाई हरकत घ्यायला गेली. कोल्ह्याने तिला बसवलं, पाणी दिलं आणि नोटिशीचा क्रमांक विचारला. तो उंबरावर होता, असं ती म्हणाली.

"मग उंबर जोडा अर्जाला," कोल्हा म्हणाला.

एकही हरकत आली नाही, अशी नोंद झाली. प्रजेचं हे एकमत पाहून महाराजांचे डोळे पाणावले.

बाग झाली. हरळी उपटून परदेशी लॉन लावलं. ओढा पाइपात घातला आणि वर कारंजं बसवलं. उंबराच्या जागी सिमेंटचा उंबर उभा राहिला. त्याच्या ढोलीतल्या स्पीकरमधून दिवसभर पक्षी ओरडायचे. दारावर पाटी लागली. महाराजांनी शहरातल्या बागेच्या पाटीचा मजकूर जसाच्या तसा उतरवून आणला होता. 'बागेत प्राण्यांना सक्त मनाई आहे.'

चूक सगळ्यांच्या लक्षात आली. पण महाराजांना सांगणार कोण? तेव्हा बाग रिकामीच राहिली. एकटे महाराज सकाळी बूट घालून गोल फिरायचे. त्यांना करमेना, म्हणून कोल्ह्याने आत सिमेंटचे प्राणी बसवले. चार ससे, एक मोर, एक भेकर.

कुंपणाबाहेर उरलीसुरली हरळीही संपली आणि ठमाबाई तिथे तीन दिवस उपाशी उभी होती. आत लॉन कसं लुसलुशीत दिसत होतं. पाहून पाहून तिचा जीव तुटायचा.

चौथ्या दिवशी सकाळीच शेजारच्या राज्यांचे पाहुणे बाग बघायला यायचे होते. आणि नेमकं सिमेंटचं भेकर मोडून पडलं. काम नवंच होतं, म्हणजे मोडायचंच. रखवालदार वानर रडकुंडीला आला. नोकरी जाते आता, असं म्हणत तो कपाळाला हात लावून बसला.

"मी राहते उभी," ठमाबाई कुंपणातून म्हणाली.

"हलायचं नाही हं आजी."

"मान खाली घातलेली चालेल ना?"

वानराने दार उघडलं.

पाहुणे आले. ठमाबाई लॉनमध्ये तोंड खुपसून उभी होती. तिचा जबडा संथपणे हलत होता. पाहुणे चकित झाले. आत मोटर बसवली आहे का, असं त्यांनी विचारलं. कोल्ह्याने नम्रपणे मान झुकवली.

"हुबेहूब आहे," महाराज गहिवरून म्हणाले. "अशी भेकरं पूर्वी इथे खरोखरच असायची. कुठे गेली बिचारी, कोण जाणे."

ठमाबाईने वर पाहिलं नाही. तिच्या तोंडात घास होता.

बागेला त्या वर्षीचा पर्यावरणरक्षणाचा पहिला पुरस्कार मिळाला. ठमाबाई अजून तिथेच आहे. तिचा रंग शेजारच्या सशांशी जुळत नव्हता, म्हणून वानराने तिला पिवळा ऑइलपेंट फासला आहे. खाज सुटते, पण खायला मिळतं.

तात्पर्य : नेहमी खरं बोलावं, खरं वागावं. पण बागेत जागा हवी असेल, तर खरं असू नये.