वझलवार काकांची टीम हरत नाही

दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता वझलवार काका स्वेटर घालून ओट्यावर येऊन बसतात. मे महिन्यातसुद्धा. रायपूरच्या मे महिन्यात आमच्या तात्यापाऱ्यातली कुत्री नालीत जाऊन पडतात, आणि काका गळ्यापर्यंत लोकरीत. विचारलं तर म्हणतात, "मॅच आहे. तिकडे थंडी असते."

तिकडे म्हणजे अमेरिकेत. टीम तिथल्या एका कॉलेजची, खेळ त्यांचा तो चेंडू हातात धरून पळायचा फुटबॉल, आणि सीझन सत्तर वर्षांपूर्वीचा. काका स्वतः फार तर नागपूरपर्यंत गेलेले. पण त्यांचा थोरला भाऊ त्या कॉलेजात शिकायला गेला होता, आणि त्याच्या पत्रांमुळे तो सीझन काकांना पाठ आहे. दर शनिवारी एक मॅच.

ऐकायला मी असते. म्हणजे मी आमच्या पायरीवर फोन घेऊन बसलेली असते. पायरी आणि ओटा यांच्यात एक स्कूटर मावेल एवढीच जागा आहे. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझं मराठी अडखळतं, आणि अडखळण्यापेक्षा गप्प बसणं सोपं. काकांना अशी माणसं चालतात.

"चेंडू कसा? परवलासारखा. दोन्हीकडून टोकदार. चार झटक्यांत दहा पावलं पुढं सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यायले द्यायचा. समजून राहिली ना, पोरी?"

"हव, काका."

टीममध्ये मोठा जॉन, छोटा जॉन आणि लाल केसांचा बिल. तिघंही कधी हरत नाहीत. "पोट्टे जिद्दी आहेत," असं काका दर पाच मिनिटांनी सांगतात. भाजीवाला ठेला ढकलत जाताना ओरडतो, "कौन जीता, बाबूजी?"

"अपनेवाले!"

काही गोष्टी मला खटकायच्या. एकदा चेंडू विहिरीत पडला आणि छोटा जॉन दोर धरून खाली उतरला. मोठ्या जॉनला मलेरिया झाला, तरी तो पेज पिऊन खेळायला आला. मैदानाच्या टोकाला चिंचेचं झाड होतं. पण अमेरिका मी तरी कुठं पाहिली आहे?

मागच्या थंडीत विहिरीची मॅच पुन्हा आली. मी मोजत होते. सीझन सत्तेचाळीस मॅचचा होता, आणि तो संपला की काका पहिल्यापासून सुरू करत. मी फोनवर शोधलं आणि सगळी धिटाई गोळा करून एका दमात बोलले, "काका, तिकडे सीझनमध्ये नऊ-दहाच मॅच असायच्या. तुमच्या सत्तेचाळीस कशा?"

बिल तेव्हा चेंडू घेऊन धावत होता. काकांनी त्याला तसंच सोडलं, उठले आणि आत गेले.

पुढचे तीन शनिवार ओटा रिकामा. भाजीवाल्यानं मला विचारलं, "दीदी, बाबूजी की टीम हार गई क्या?"

आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "घरात तुझ्या तोंडातून शब्द निघत नाही, अन् तिथं बरी वकिली केली! एकटा माणूस. लग्न नाही, मूल नाही. बोलून राहिला तर बोलू द्यावं ना." पाटवडीचा डबा हातात देऊन तिनं मला पिटाळलं.

काका आतल्या खोलीत बसले होते. स्वेटर नव्हता. मी सॉरी म्हणायच्या आधीच ते म्हणाले, "पहिल्या चार मॅच खऱ्या आहेत."

मी डबा हातात धरूनच उभी राहिले.

"दादाची तीन पत्रं आली. पहिल्या दोनमध्ये मॅच होत्या, अन् सीझन संपला की येतो, असं होतं. आईले वाचता येत नव्हतं. मी दहा वर्षांचा, मीच वाचून दाखवायचो. तिसऱ्यात होतं, मी इथंच राहतो. खाली लिहिलं होतं, आईला तू सांग."

"मग?"

"मग काय? आई समोर बसली होती. मी म्हटलं, अजून एक मॅच आहे."

त्यानंतर दर शनिवारी शाळेतून येताना पोस्टातून पत्र आणलं म्हणायचं, आणि तेच जुनं पत्र उघडून नवी मॅच वाचायची. टीम हरली तर सीझन संपेल अशी भीती, म्हणून ती जिंकत राहिली. आई खाटेला लागली तरी जिंकत राहिली.

"एका शनिवारी मॅच झाल्यावर म्हणाली, त्या पोट्ट्यायले आता घरी जाऊ दे रे. थकले असतील."

"म्हणजे तुमच्या आईंना माहीत होतं?"

काकांनी डबा माझ्या हातातून घेतला आणि झाकण नीट बसलेलं असूनही पुन्हा दाबलं.

"बुधवारी गेली. दादाले कळवायचं होतं. मामानं मलेच लिहायला बसवलं. चार ओळी त्यानं सांगितल्या. पाचवी मी माझ्या मनानं लिहिली, की शनिवारी मी आता एकटाच असतो, तू मॅच कळवत जा."

मी विचारलं, "उत्तर आलं?"

"तिकडून टपाल यायले वेळ लागते, पोरी," काका म्हणाले.